मुक्या रुग्णाचा सर्पदंश

आपल्या मंडळातील बहुतेक सभासद माणसांचे डॉक्टर आहेत. माझे रुग्ण चार पायांचे. स्नेहसंमेलनात माझी ओळख करून देताना कोणीतरी "हे आमचे गुरांचे डॉक्टर" असे म्हणतो, थोडा हशा पिकतो आणि मीही त्यात सामील होतो. यंदा स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी विषयाची मोकळीक दिली, तेव्हा मी सर्पदंश हा विषय निवडला. आपली आणि माझी वाट या आजारात एकाच कुपीपाशी येऊन मिळते, हे त्याचे कारण.

काही वर्षांपूर्वीची श्रावणातली एक रात्र. पाऊस नुकताच थांबला होता. दीडच्या सुमारास मंडळातल्याच एका फिजिशियन मित्रांचा फोन आला. वडोदऱ्याच्या पश्चिमेला, भायलीकडे, पूर्वी जिथे शेते होती तिथे उभ्या राहिलेल्या वसाहतीत त्यांचा बंगला आहे. "अहो, वाघ्याला नाग चावला. मुलाने फणा पाहिला फाटकापाशी. लवकर या." वाघ्या म्हणजे त्यांचा पाच वर्षांचा देशी कुत्रा. मी पोहोचलो तेव्हा डाव्या गालफडापासून गळ्यापर्यंत सूज उतरली होती, तोंडातून लाळेची तार लागली होती, पापण्या मिटू लागल्या होत्या आणि मागचे पाय लटपटत होते. माझ्या या मित्रांनी आयुष्यात सर्पदंशाचे कितीतरी रुग्ण बरे करून घरी पाठवले असतील. पण त्या रात्री त्यांचे हात थरथरत होते. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "आमच्या हॉस्पिटलात दहा कुप्या आहेत. फोन केला तर माणूस आणून देईल. पण पहाटे शेतावरून एखादं पोर आलं, तर?"

या प्रश्नाचे मी काय उत्तर दिले ते शेवटी सांगतो. ते समजण्यासाठी आधी थोडी शास्त्रीय माहिती देणे आवश्यक आहे.

विष तेच, शरीर निराळे

आपल्याकडे प्राणघातक ठरणारे बहुतेक दंश चार सापांचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. वडोदऱ्यात राहायचे तर त्यांची गुजराती नावेही कानावर असावीत, कारण खेड्यातून जनावर घेऊन आलेला शेतकरी त्याच नावांनी बोलतो. मण्यारला तो काळोतरो म्हणतो, घोणशीला खडचितळो आणि फुरशाला फुरसो. नाग मात्र दोन्ही भाषांत नागच. त्याची पूजाही या शहरात श्रावणात दोनदा होते, मराठी घरांत शुद्ध पंचमीला आणि गुजराती घरांत वद्य पंचमीला.

माणसाला साप बहुधा पायाला चावतो, कारण त्याचा पाय नकळत सापावर पडतो. कुत्रा सापाकडे आपणहून जातो, नाकाने हुंगतो, पंजाने डिवचतो. त्यामुळे त्याचे दंश मुख्यतः नाकाडावर, ओठांवर, गालांवर आणि पुढच्या पायांवर आढळतात. गाई-म्हशींना चरताना तोंडाला, क्वचित पायाला किंवा कासेला दंश होतो. घोड्याची स्थिती सर्वांत नाजूक. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. नाकावर दंश होऊन नाकपुड्या सुजल्या तर विष भिनण्याआधीच तो गुदमरू शकतो. म्हणून सूज पूर्ण वाढण्यापूर्वी दोन्ही नाकपुड्यांत गुळगुळीत नळ्या सरकवून त्या टाक्यांनी पक्क्या कराव्या लागतात. मांजर चपळ असल्याने पुष्कळदा बचावते. पण दंश झाल्यावर ते कोपऱ्यात दडून बसते आणि मालकाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

लक्षणे आपल्या परिचयाचीच आहेत. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतू व स्नायू यांच्यातील दुवा तोडते. पापण्या गळतात, गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदलतो, पाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणस आणि फुरसे रक्त गोठण्याची क्रिया मोडून टाकतात. हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल किंवा काळसर होते; घोणशीच्या दंशात पुढे मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि गोठले की नाही ते पाहायचे, ही आपली साधी चाचणी माझ्याही रुग्णांना लागू पडते. नळी मात्र काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या नळीत निष्कर्ष चुकतो.

मुंगसाला विष चढत नाही, ते कसलीशी मुळी खाऊन येते, असे आपण लहानपणी ऐकलेले असते. खरे कारण त्याच्या स्नायूंत आहे. ज्या ग्राहकाला नागाचे विष चिकटते, त्याची घडण मुंगसात थोडी वेगळी असल्याने विषाला तिथे बसायला जागाच मिळत नाही. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात हे दाखवून दिले. कुत्र्याला, गाईला आणि आपल्याला हे कवच लाभलेले नाही. आपल्याला प्रतिविषावाचून दुसरा आधार नाही.

कुपीचा उगम

मुंबईत परळला गेल्या शतकाआधीच्या तीन संस्था एकमेकींपासून फार दूर नाहीत. १८८३ च्या सुमारास दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय, १८८६ चे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि १८९९ मध्ये प्लेग प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली व १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करणारी संस्था. मला हा योगायोग मोठा अर्थपूर्ण वाटतो. जनावरांवर जिथे उपचार होतात, तिथून हाकेच्या अंतरावर जनावरांच्या रक्तातून माणसांसाठी औषध बनवण्याचे शास्त्र रुजले.

सर्पविषावर लस शोधण्याचे श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांना जाते. १८९० च्या दशकात सायगाव येथे काम करीत असताना नागदंशाच्या बळींनी त्यांचे लक्ष वेधले आणि त्यांनी प्रतिविषाची पद्धत सिद्ध केली. आजही मूळ तत्त्व तेच आहे. घोड्याला अगदी अल्प मात्रेत विष टोचायचे, हळूहळू मात्रा वाढवत न्यायची, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार झाली की रक्त काढून त्यातील द्रव भाग शुद्ध करायचा. आपल्याकडची लस वरील चारही सापांवर चालते. त्यासाठी लागणारे विष दीर्घकाळ मुख्यतः तमिळनाडूतून आले. चेन्नईजवळ इरुळा समाजाच्या सर्पमित्रांची सहकारी संस्था १९७८ मध्ये स्थापन झाली आणि पिढीजात साप पकडणाऱ्या या लोकांना विष काढून साप पुन्हा सोडून देण्याचा सन्मानाचा व्यवसाय मिळाला.

मात्र एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशागणिक बदलते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनाने हे स्पष्ट केले आहे. दक्षिणेतील विषावर बनवलेली लस पश्चिमेच्या किंवा उत्तरेच्या सापावर तितकीच प्रभावी ठरेल असे गृहीत धरता येत नाही. गुजरातेत वलसाड जिल्ह्यातील धरमपूर येथे सर्पसंशोधन संस्था उभी राहिली आहे, ती याच गरजेतून. सह्याद्रीतील चापड्यासारख्या सापांवर तर ही लस मुळात बनवलेलीच नाही.

प्राण्यांसाठी आपण पशुवैद्य माणसांचीच लस वापरतो. घोड्याच्या रक्तातली कुपी पुष्कळदा कुत्र्याचा जीव वाचवते, आणि प्रसंगी घोड्याचाही.

मात्रा आणि उपचार

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. माझे ग्राहक नेहमी विचारतात, "डॉक्टर, एवढ्याशा कुत्र्याला अर्धी कुपी पुरेल ना?" अन्य औषधांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु प्रतिविष शरीराला द्यायचे नसून शरीरात शिरलेल्या विषाला द्यायचे असते. साप समोरच्याचे वजन करून चावत नाही. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असे आपल्या उपचारपद्धतीत धरलेले आहे. दहा मिलिलिटरची एक कुपी घोणशीचे सहा मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. म्हणून माणसाला आरंभी आठ ते दहा कुप्या दिल्या जातात. आठ किलोच्या पामेरियनला तीच घोणस चावली तर त्याच्या शरीरात विष तेवढेच असू शकते, आणि दर किलोमागे ते माणसाच्या कितीतरी पट पडते. हिशेबाने त्याला कुप्या कमी लागायचे काही कारण नाही. प्रत्यक्षात खर्च आणि उपलब्धता पाहून आम्ही दोन-चार कुप्यांनी सुरुवात करतो आणि लक्षणे व रक्ताची चाचणी पाहून पुढे जातो. ही तडजोड आहे, आणि ती तडजोड आहे हे मालकाला सांगणे माझे कर्तव्य आहे.

लस शिरेतून, सलाईनमध्ये मिसळून, हळूहळू द्यायची. बाहेरून आलेले प्रथिन असल्याने तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. अ‍ॅड्रेनालिन हाताशी भरून ठेवायचे. कुत्र्यात ही प्रतिक्रिया पुष्कळदा उलटी आणि जुलाबाने सुरू होते, कारण त्याच्या शरीरात पहिला आघात यकृत व आतड्यांवर होतो. नागदंशात निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन यांचा उपयोग होतो, मण्यारच्या दंशात फारसा होत नाही. श्वास थांबू लागला तर नळी घालून कृत्रिम श्वास द्यायचा. यंत्र नसेल तर हाताने पिशवी दाबायची, लागतील तितके तास.

घरच्यांनी करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. गळ्यातला पट्टा लगेच काढावा, कारण सूज मानेपर्यंत आली की तोच फास होतो. करकचून दोरी बांधू नये, जखम कापू नये, बर्फ लावू नये, चोखू नये. साप मारायला धावू नये. जमल्यास दुरूनच छायाचित्र घ्यावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. त्यांतल्या काही रक्तस्राव वाढवतात, काही मूत्रपिंडांना इजा करतात, आणि पॅरासिटामॉल तर मांजराला जीवघेणे ठरते. तूप, हळद, कांद्याचा रस असे काहीही पाजू नये. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या गाईच्या घशात नळकांड्याने ओतलेले औषध फुप्फुसात जाते, आणि सापाने सोडलेले जनावर त्या औषधाने दगावते.

गोठ्यातले निदान

जनावर सांगू शकत नाही, त्यामुळे गोठ्यात सर्पदंशाचे निदान कधी उगाच होते, तर कधी राहून जाते. घटसर्प हा शब्दच पाहा. माणसांच्या वैद्यकात मराठीने तो डिप्थीरियाला दिला आणि गुरांच्या वैद्यकात पाश्चुरेला जंतूंच्या एका प्राणघातक रोगाला. दोन्हींत गळा सुजतो, दोन्हींत सापाचा संबंध नाही. पावसाळ्यात म्हशीचा गळा सुजला, घरघर लागली की "एरू चावला" असा निष्कर्ष निघतो. घटसर्पात ताप चांगलाच चढलेला असतो, आणि लगेच प्रतिजैविके मिळाली तर जनावर वाचू शकते. मी गोठ्यात शिरताच प्रथम थर्मामीटर काढतो, तो यासाठी.

याहून गंभीर चूक दुसरी. सकाळी गाय मरून पडलेली आढळते, नाका-गुदातून काळसर रक्त येत असते. सर्वजण म्हणतात, रात्री सापाने डसले. हा अँथ्रॅक्स असू शकतो. असे जनावर कापायचे नाही, सोलायचे नाही, उघडायचेही नाही. त्याच्या रक्तातील जंतू हवेशी संबंध आला की बीजाणू बनून त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात आणि माणसालाही होतात. सापाच्या माथी मारलेले असे खोटे निदान साऱ्या गावाला महागात पडू शकते.

एका सकाळची हकीकत

पादऱ्याकडच्या एका खेड्यात घडलेली गोष्ट सांगतो. पावसाळ्यातच, सकाळी सातला एक गृहस्थ कुत्रीला पोत्यावर घालून माझ्याकडे आले. रात्री ठीक होती, सकाळी उठेना. अंगावर सूज नाही, जखम नाही, ताप नाही. डोळे उघडे, बाहुल्या विस्फारलेल्या, भुंकायला गेली तर नुसती हवा बाहेर पडे. शेतावर फवारणी चालू असल्याने घरच्यांना कीटकनाशकाची शंका होती. पण त्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसतात. मला मण्यारचा संशय आला. मण्यार रात्री हिंडतो, घरात शिरतो, आणि त्याच्या दंशाची खूण बहुधा दिसतही नाही.

मी विचारले, "कुत्री कुठे झोपते?" म्हणाले, "ओसरीवर, दाराशी." "आणि आत जमिनीवर कोण झोपतं?" "आई आणि माझा मुलगा." "दोघं ठीक आहेत?" ते म्हणाले, "आई ठीक आहे. मुलाचं पहाटेपासून पोट दुखतंय. काल पाहुण्यांकडे जेवलो होतो, त्यानं असेल."

डॉक्टर वाचकांना पुढचे सांगायला नको. पहाटेची पोटदुखी ही मण्यारच्या दंशाची अनेकदा पहिली आणि एकमेव तक्रार असते. मी त्यांना घरी फोन करायला लावला आणि मुलाला त्या क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितले. वाटेतच त्याच्या पापण्या जड झाल्या. त्याला दोन दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. तो बरा होऊन घरी आला. दुपारी घरच्यांनी सर्पमित्राला बोलावले तेव्हा अंथरुणांच्या चवडीमागे मण्यार सापडला. कुत्री मात्र गेली. माझ्याकडे येईपर्यंत तिचा श्वास फार मंदावला होता, आणि मी पिशवी दाबत होतो तरी हृदय थांबले.

त्या दिवसापासून सर्पदंशाचे कोणतेही जनावर आले की पहिला प्रश्न मी घरातील माणसांबद्दल विचारतो.

एकच आजार

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आणि त्यात माणसांबरोबर वन्यजीव व पशुधन यांचाही विचार केला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. नेपाळच्या तराईत जिनिव्हाच्या संशोधकांनी घरोघर फिरून पाहणी केली, तेव्हा त्यांनी माणसांबरोबर पाळीव जनावरांचे दंशही मोजले. गरीब घरात एक म्हैस गेली तर पोरांचे दूध आणि महिन्याचा पैसा एकाच रात्रीत जातो, हे त्यांना कळले होते.

आपल्या शहरालाही हे परके नाही. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा मगरींची छायाचित्रे देशभर पोहोचली. मगरींइतका गाजावाजा न होता सापही कोरड्या जागेच्या शोधात अंगणांत, जिन्यांखाली, वाहनतळांत आले होते. तिथे त्यांची पहिली गाठ पडते ती कुत्र्याशी.

आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे येतो. मी मित्रांना म्हणालो, "हॉस्पिटलातल्या कुप्यांना हात लावायचा नाही. त्या माणसांसाठी मोजून ठेवलेल्या आहेत." हे बोलताना वाघ्या माझ्याकडे पाहत होता. माझ्या पेटीत चार कुप्या होत्या, कारण दर मृगापूर्वी मी माझ्या पैशाने त्या घेऊन ठेवतो. ओळखीच्या एका औषधविक्रेत्याला झोपेतून उठवून आणखी चार मिळवल्या. श्वासनलिकेत नळी मी घातली आणि पिशवी माझ्या फिजिशियन मित्रांनी दाबली, उजाडेपर्यंत, मुलाने चहा आणून ठेवला तरी न थांबता. सकाळी साडेसहाला वाघ्याने स्वतःचा पहिला श्वास घेतला. गालाचे कातडे पुढे सडून गळाले, जखम भरायला पाच आठवडे लागले, आणि तेथे आजही केस येत नाहीत. त्या पहाटे हॉस्पिटलात सर्पदंशाचे कोणी आले नाही. पण येऊ शकले असते, आणि तसे झाले असते तर दहाच्या दहा कुप्या कपाटात होत्या.

मंडळाकडे माझी एक लहानशी विनंती आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आपण सभासदांची यादी छापतो. तिच्या शेवटच्या पानावर शहरातील पशुवैद्यांचे आणि प्रतिविषाचा साठा ठेवणाऱ्या औषधविक्रेत्यांचे दूरध्वनी द्यावेत. पशुवैद्यांनी आपला साठा आपण ठेवावा, म्हणजे रुग्णालयापुढे असा पेच उभा राहणार नाही. आणि आपल्याकडे पहाटे पोटदुखी घेऊन एखादे मूल आले, तर त्याच्या आईला एक प्रश्न अवश्य विचारावा: "घरातलं कुत्रं, मांजर, गुरं सकाळी ठीक होती ना?"